एमजीबीला काँटेसाचा पाच गिअरचा बॉक्स बसवता येईल का?

भडगावकर_गिरणाकाठ

राम राम मंडळी.

माझ्याकडे 1966 सालची एमजीबी रोडस्टर आहे, म्हणजे उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. काकांनी मुंबईत एका डॉक्टरांकडून घेतली होती, काका गेल्यावर ती भडगावला आली. इंजिन मूळचंच आहे, 1798 सीसी, पाच मेन बेअरिंगचं. बॉक्सही मूळचाच, चार गिअरचा. ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिनाचे फेरे कमी करणारं जोड-युनिट) नाही आणि पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद पडावा म्हणून असलेली रिंग) नाही.

गाडी शेडमध्ये झाकून ठेवायची माझी इच्छा नाही. काका ती चालवायचे, मीही चालवतो. माझं कृषी केंद्र आहे, कामानिमित्त एरंडोलला हायवेला लागून कधी जळगाव, कधी धुळे होतं. मुलगी संभाजीनगरला शिकते, तिच्याकडे जाताना चाळीसगावहून कन्नड घाट चढतो. या दोन रस्त्यांवर दोन वेगळ्या अडचणी येतात.

हायवेवर 90 चा वेग धरला की आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा, काटा 3,100 च्या वर असतो. इंजिन तक्रार करत नाही, पण तासभर तो आवाज ऐकत जायचं म्हणजे शेजारच्याशी बोलणं बंद. हात सारखा पुढच्या गिअरसाठी जातो आणि पुढचा गिअर नाही.

घाटात उलटं. वळणावर समोरून बस आली, वेग पार पडला, की दुसऱ्यात इंजिन गुदमरतं आणि पहिला टाकायचा तर गाडी जवळजवळ थांबवावी लागते. डबल क्लच करून, मध्ये रेस देऊन टाकता येतो, मला जमतो. पण मुलगी गाडी शिकली आहे, तिला ही गाडी चालवायची आहे, आणि चढावर मागे वाहनं लागलेली असताना तिने ते करावं असं मला वाटत नाही.

त्यात आता तिसरा गिअर उताराला पाय काढला की सुटतो. बॉक्स उघडावाच लागणार आहे. एमजीबीचा बॉक्स काढायचा म्हणजे इंजिनासकट बाहेर घ्यायचा, तेव्हा एवढा खटाटोप एकदाच करावा असं मनात आहे.

चुलतभावाने हिंदुस्थान मोटर्सची काँटेसा 1.8 मोडीत काढली, तिचा इसुझूचा पाच गिअरचा बॉक्स माझ्या गोडाऊनमध्ये आहे. हाताने फिरवला तर मोकळा फिरतो, पाचही गिअर पडतात. तो एमजीबीच्या इंजिनामागे बसवता येईल का? कोणी केलं असेल, किंवा करू नये असं वाटत असेल, तर कारणासकट सांगा. खर्चाची तयारी आहे. गाडीची वाट लागू नये एवढंच.

---

अवधान_गॅरेज_धुळे

काय भो, गाडी भारी ठेवली आहे. एवढा विचार कशाला? बोलेरोचा बॉक्स टाका. दणकट, पाच गिअर, पार्ट प्रत्येक तालुक्याच्या गावात मिळतो. काँटेसाचा सिंक्रो रिंग उद्या गेला तर कुठे शोधणार? प्लेट बनवून बसवून टाकू. शाफ्ट कापून बॅलन्स करून मिळतो.

---

भुसावळचा_टर्नर

भाऊ, मी रेल्वेच्या कारखान्यात लेथवर नोकरी केली आणि निवृत्तीनंतर घरामागे एक लेथ आणि एक मिलिंग मशीन टाकून बसलो आहे. जुन्या गाड्यांना दुसरे बॉक्स बसवायचं काम बऱ्यापैकी येतं. इंजिनाचा मेकॅनिक मी नाही, म्हणून माझ्या बाजूचं तेवढं सांगतो. पण या कामात माझीच बाजू जास्त महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत आहे.

बॉक्स कोणताही कोणत्याही इंजिनामागे लावता येतो. पुढे इंजिन, मागे बॉक्स, मध्ये एक प्लेट, आणि आठ बोल्ट कसले की लावला. तेवढ्यावर गाडी चालतेही. पण क्रँकचा (इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा) मध्य आणि बॉक्सच्या इनपुट शाफ्टचा (इंजिनाकडून बॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचा) मध्य एका रेषेत आला का, हे बोल्ट सांगत नाहीत. ते डायल गेजच (बारीक फरक सुईने दाखवणारा मापक) सांगतो, आणि बहुतेक ठिकाणी तो लावलेलाच नसतो.

इनपुट शाफ्टचं पुढचं नाक क्रँकच्या टोकातल्या ब्राँझच्या बुशमध्ये बसतं. शाफ्टची मागची बाजू बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगमध्ये. क्लचप्लेटचा हब या शाफ्टवर, आणि प्लेटचा बाहेरचा भाग फ्लायव्हीलला दाबलेला. आता दोन्ही मध्यांत अगदी केसाएवढा फरक धरा. प्रत्येक फेऱ्याला प्लेटचा हब एकदा वर, एकदा खाली ओढला जाणार. मिनिटाला तीन हजार वेळा. आधी बुश अंडाकृती होतो, मग प्लेटचे रिव्हेट ढिले होतात, मग पुढचं बेअरिंग गुणगुणायला लागतं, शेवटी गिअर सुटायला लागतो. आणि लोक म्हणतात बॉक्स खराब निघाला. बॉक्स चांगलाच होता, बसवला वाकडा.

तपासायची रीत अशी. फ्लायव्हील क्रँकला लावलेलं, क्लच काढलेला. नुसतं बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं, इंजिन आणि बॉक्स जोडणारं घंटेसारखं आवरण) इंजिनाला कसायचं, बॉक्स नाही. डायल गेजचा मॅग्नेट फ्लायव्हीलवर, सुईचं टोक बेलहाउसिंगच्या मागच्या बोअरच्या (गोल भोकाच्या) आतल्या कडेवर. स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने हळूहळू फिरवायची आणि वर, उजवीकडे, खाली, डावीकडे वाचन घ्यायचं. सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान वाचन यांतला फरक 0.12 मिमीच्या आत हवा. मध्य प्रत्यक्षात सरकलेला असतो त्याच्या निम्म्याने, हे लक्षात ठेवा, म्हणजे दुरुस्ती करताना दुप्पट सरकवणार नाही. मग सुई बोअरवरून काढून बेलच्या मागच्या फेसवर लावायची आणि तोच फेरा पुन्हा. बोअर मध्यावर असून फेस तिरका असेल तरी शाफ्ट तिरकाच बसतो.

तुमचा तिसरा गिअर सुटतो म्हणता. बॉक्स उघडण्याआधी हीच तपासणी तुमच्या मूळ बेलवर करून बघा. बॉक्सच्या आतलं काही झिजलं असण्याची शक्यता जास्त, पण साठ वर्षांत कोणी इंजिन उतरवून चढवताना डॉवेल पिन गाळली असेल तर तेही कळेल. डॉवेल जागा धरते, बोल्ट फक्त ओढतो. बोल्टच्या भोकात नेहमी खेळ असतो, म्हणून बोल्टवर मध्य सोडायचा नाही.

आता प्लेट. गॅसने कापून हँड ड्रिलने भोकं पाडलेली प्लेट माझ्याकडे आली तर मी ती बाजूला ठेवतो. दोन्ही फेस मिलिंगवर समांतर करायचे. मधला बोअर आणि दोन्ही बाजूंच्या डॉवेलची भोकं एकाच सेटिंगमध्ये, काम मशीनवरून न सोडता. एकदा सोडून परत बांधलं की ती मिमीच्या शंभराव्या भागाची अचूकता गेली. जाडी मनाने ठरत नाही, ती इनपुट शाफ्टची लांबी ठरवते. नाक बुशमध्ये पुरतं आत गेलं पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये, दोनतीन मिमी मोकळं राहू द्या. टेकलं तर क्रँकच्या थ्रस्टवर (तिला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर) भार येतो आणि ते नुकसान इंजिनाचं.

क्लचप्लेट बाहेरून तुमच्या मूळच्या मापाची, 8 इंची, आणि मधला हब इसुझूच्या दात्यांचा, अशी हवी. दाते मोजा, शाफ्टचा व्यास मोजा आणि तयार मिळते का ते आधी शोधा. हब बदलून रिव्हेट मारून देणारे आहेत, मी स्वतःच्या गाडीला ते करणार नाही.

धुळ्याच्या भाऊंनी बोलेरोचं सुचवलं. पार्ट मिळण्याबद्दल ते बरोबर आहेत. पण तो बॉक्स डिझेलच्या जड गाडीसाठी केलेला आहे. पहिला गिअर फार खालचा, त्यामुळे एमजीबीत तो टाकला न टाकला तोच संपेल, आणि गिअरांमधली अंतरंही डिझेलच्या ओढीच्या हिशोबाची. काँटेसाचं इंजिन 1817 सीसीचं पेट्रोल, तुमचं 1798 सीसीचं पेट्रोल. इसुझूचा बॉक्स जवळपास तेवढ्याच ताकदीच्या इंजिनामागे, तुमच्या गाडीपेक्षा बऱ्याच जड गाडीत चालला आहे. म्हणून तुमची कल्पना मला वेडगळ वाटत नाही.

बॉक्सचे रेशो कागदावर शोधत बसू नका. टेबलावर ठेवा, इनपुट आणि आउटपुट दोन्ही शाफ्टवर खडूची खूण करा, गिअर टाका आणि फेरे मोजा. पहिल्यात आउटपुटचे 10 फेरे व्हायला इनपुटचे किती लागले, तेवढ्याला 10 ने भागा. पाचही गिअरचं करा आणि इथे टाका.

---

अमळनेरची_लेक

दादा, मी मूळ अमळनेरची, सध्या लेस्टरला असते. आमच्याकडे 1969 ची एमजीबी आहे आणि तिला आम्ही पाच गिअरचा बॉक्स बसवून घेतला, म्हणून लिहिते. टर्नरकाकांनी सांगितलेलं डायल गेजचं काम आमच्या मेकॅनिकनेही केलं होतं, मी शेजारी उभी होते.

तुमच्या गाडीबद्दल एक गोष्ट आधी समजून घ्या. एमजीबी 1962 ते 1980 बनली, पण 1967 च्या शेवटी तिची सुधारित आवृत्ती, मार्क टू, आली तेव्हा तिला चारही गिअरला सिंक्रो असलेला नवा बॉक्स दिला. तो अंगाने मोठा होता, म्हणून बॉडीचं टनेलही (बॉक्स आणि शाफ्ट ज्यात बसतात तो तळाच्या मध्यावरचा पत्र्याचा बोगदा) रुंद केलं. तुमची 1966 ची, म्हणजे अरुंद टनेलची. माझ्या गाडीत जे सहज मावतं ते तुमच्या गाडीत मावेलच असं नाही. इंजिनाची मागची प्लेटही दोन्हींची वेगळी आहे, त्यामुळे मार्क टूचा सिंक्रोवाला बॉक्स आणून लावावा म्हटलं तरी तो सरळ लागत नाही. प्लेट, फ्लायव्हील, स्टार्टर सगळ्याचा विचार करावा लागतो.

इकडे लोक साधारण तीन वाटांनी जातात.

जुनी वाट ओव्हरड्राइव्हची. लेकॉक कंपनीचं ओव्हरड्राइव्ह युनिट बॉक्सच्या मागे, आणि डॅशबोर्डवरच्या स्विचने तिसऱ्या व चौथ्या गिअरला लागतं. तुमच्या सालच्या गाडीला डी टाइप येतं, त्याचा रेशो 0.802. एमजीबीच्या चौथ्या गिअरमध्ये 1,000 आरपीएमला साधारण 28.8 किमी वेग मिळतो, म्हणजे 90 ला तुमचे 3,100 ते ओव्हरड्राइव्हमध्ये 2,500 होतील. कारखान्यातूनच हा पर्याय मिळायचा, त्यामुळे बॉडीला कुठेही हात लावावा लागत नाही. पण पहिला गिअर बिनसिंक्रोचाच राहणार. तुमची हायवेची अडचण सुटेल, घाटातली नाही.

दुसरी वाट फोर्डच्या टाइप नाइन बॉक्सची, फोर्ड सिएरामधला. याचे तयार किट मिळतात आणि विकणारे पहिला प्रश्न हाच विचारतात की गाडी तीन सिंक्रोची का चार सिंक्रोची. चार सिलिंडरवाल्या गाडीतल्या बॉक्सचे रेशो 3.65, 1.97, 1.37, 1 आणि पाचवा 0.82. तुमच्या बॉक्सचे 3.64, 2.21, 1.37, 1. आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. पहिला, तिसरा, चौथा जवळजवळ तेच. पाचवा नवा मिळाला, पण दुसरा बदलला. तुमचा दुसरा 2,000 आरपीएमला 26 च्या वेगाला असतो, टाइप नाइनचा 29 ला. म्हणजे घाटात दुसरा आत्तापेक्षा थोडा अजून लवकर गुदमरणार. पण पहिल्याला सिंक्रो असल्यामुळे चालत्या गाडीत तो निर्धास्त पडतो, आणि कन्नड घाटाच्या वळणावर तुम्हाला तोच हवा आहे. कन्याही चालवेल. माहेरी येताना त्या घाटातून मी पुष्कळदा आले आहे, म्हणून हे आकडे बघताना डोळ्यासमोर तीच वळणं होती.

तिसरी वाट माझदा एमएक्स फाइव्हच्या बॉक्सची. रेशो 3.14, 1.89, 1.33, 1 आणि 0.81. हाताला फार गोड. पण पहिला तुमच्यापेक्षा बराच उंच आहे (आकडा लहान, म्हणजे ओढ कमी), भरल्या गाडीने चढावर उठताना क्लचला त्रास होईल. मी खान्देशातल्या उन्हात आणि घाटात तो निवडणार नाही.

इसुझूबद्दल मला अनुभव नाही. पण टनेल मोजल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

---

भडगावकर_गिरणाकाठ

काका, ताई, किती मनापासून लिहिलंत. दोन्ही उत्तरं छापून गोडाऊनच्या भिंतीला लावली आहेत.

खडूची खूण करून फेरे मोजायला आज संध्याकाळीच मुलीला घेऊन बसतो, ती सुट्टीला आली आहे.

ताईंच्या दुसऱ्या गिअरच्या हिशोबाने माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आतापर्यंत फक्त पाचव्या गिअरचा विचार करत होतो. घाटात मला खरं तर हलका दुसरा नको, पडणारा पहिला हवा आहे.

दोन शंका आहेत. टनेल थोडं कापावं लागलं, एखाद्या ठिकाणी ठोकून फुगवावं लागलं, तर ते करावं का? आणि स्पीडोमीटरचं काय? केबल नव्या बॉक्सला लावली तर काटा खरं दाखवेल का?

---

नंदुरबारची_वकील

टनेलच्या प्रश्नाला कायद्याची एक बाजू आहे म्हणून मध्ये बोलते.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 असं सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाने करू नये. आरसीवर इंजिन नंबर असतो, चेसिस नंबर असतो, इंधन, सीसी, रंग असतो. गिअरबॉक्सचा नंबर नसतो. इंजिन तेच राहणार आहे, तेव्हा नुसत्या बॉक्सने आरसीतली कुठली नोंद बदलत नाही. तरी पाच वर्षांनी नूतनीकरणाला गाडी आरटीओत न्याल तेव्हा जुना बॉक्स कुठे आहे, नवा कुठून आला, त्याची पावती किंवा मोडीत काढलेल्या गाडीचे कागद हाताशी असू द्या. चुलतभावाकडून साध्या कागदावर का होईना, लिहून घ्या.

दुसरं. तुमची गाडी 50 वर्षांच्या पुढची आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. पण तिथे अट आहे की गाडी मूळ रूपात हवी आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार झालेला नसावा. टनेल हा बॉडी शेलचाच भाग, आणि एमजीबीला वेगळी चेसिस नसते, बॉडीच भार उचलते. आज तुम्हाला व्हिंटेज नोंदणी नको असेल, कारण ती घेतली की गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कारणांसाठीच. तुमचं तर जळगाव-धुळे चालू आहे. पण पुढे मुलीला घ्यावीशी वाटली तर तिची वाट आज बंद करू नका. टनेल कापू नका.

---

अवधान_गॅरेज_धुळे

बोलेरोचं मागे घेतो. काकांनी डिझेलच्या गिअरांचं सांगितल्यावर पटलं.

मदत म्हणून सांगतो. इंजिन आणि बॉक्स एकत्र उतरवायला माझ्याकडे साखळीचा हॉइस्ट आहे, पुढे रेडिएटर काढून तिरकं वर घ्यावं लागेल. गाडी धुळ्याला आणा किंवा मी हॉइस्ट घेऊन भडगावला येतो. गाडी ट्रेलरवर चढवण्यापेक्षा मी येणं बरं.

प्रोपेलर शाफ्टबद्दल (बॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा दांडा) माझा अनुभव. एमजीबीच्या शाफ्टला दोन्ही टोकांना फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) आणि सरकणारा जॉइंट शाफ्टमध्येच असतो. पुष्कळ पाच गिअरच्या बॉक्सना मागे फ्लँज नसते, योक (शाफ्टच्या टोकाचा दुबेळका जोड) थेट आउटपुट शाफ्टवर सरकतो. तेव्हा नुसती लांबी कमीजास्त करून भागत नाही, पुढचं टोक बदलतं. माप गाडी चाकांवर उभी असताना घ्यायचं, जॅकवर एक्सल लोंबत असताना नाही. योक पूर्ण आत ढकलून मग इंचभर बाहेर, ती खरी जागा. दोन्ही क्रॉसचे (युनिव्हर्सल जॉइंटचे) योक एका रेषेत वेल्ड झाले पाहिजेत, नाहीतर 60 च्या वर सीटखाली थरथर येते आणि माणूस टायर बॅलन्स करत फिरतो. बॅलन्सिंग मशीनवर झाल्याशिवाय शाफ्ट लावू नका.

---

भुसावळचा_टर्नर

वकीलताईंनी माझं काम सोपं केलं. माझंही तेच म्हणणं आहे, कारण वेगळं आहे. कापलेलं टनेल पुन्हा वेल्ड करता येतं, पण त्या बॉडीचा ताठपणा टनेल आणि दोन्ही बाजूंच्या सिलमध्ये (दारांखालच्या पत्र्याच्या पेटीत) आहे, आणि तुमची गाडी उघडी आहे, वर छताचा आधार नाही. कापायची वेळ आली तर त्या बॉक्सला नाही म्हणायचं. इसुझू फुकटचा आहे म्हणून तो बसलाच पाहिजे असं नाही.

मावतो का हे इंजिन न उतरवताही बरंचसं कळेल. इसुझूचा बॉक्स टेबलावर आडवा ठेवा. पुढच्या फेसपासून दर 50 मिमीवर त्याची रुंदी आणि उंची मध्यरेषेपासून मोजा, डावी-उजवी वेगळी, कारण बॉक्स दोन्ही बाजूंना सारखा नसतो. त्या मापांच्या चकत्या प्लायवूडच्या कापा आणि एका सळईवर त्याच अंतराने ओवा. झाला लाकडाचा बॉक्स. इंजिन उतरवल्यावर हाच सांगाडा टनेलमध्ये सरकवायचा. कुठे टेकतो, लिव्हर मूळ भोकाच्या किती पुढे-मागे येते, सगळं दिसेल आणि 35 किलोचं लोखंड उचलत बसावं लागणार नाही. चारही बाजूंना बोटभर जागा सुटली पाहिजे, इंजिन रबरावर हलतं हे विसरू नका. लिव्हर थोडी मागे आली तर ती वाकवून पुढे आणता येते, मी करून देईन. लिव्हरसाठीही पत्रा कापायचा नाही.

बॉक्सचा मागचा आधार ठरवताना कोन बघा. आउटपुट शाफ्ट आणि डिफ्रन्शियलचा पिनियन शाफ्ट बाजूने पाहिल्यावर समांतर हवेत. दोन्ही क्रॉसवर सारखा कोन आला की एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो. कोन 3 अंशांच्या आत ठेवा, पण अगदी शून्यही नको, शून्यावर क्रॉसच्या सुया जागेवरून हलत नाहीत आणि तिथेच खड्डे पाडतात. आधार मूळच्या क्रॉसमेंबरच्याच भोकांवर बसेल असा वेगळा ब्रॅकेट करून घेऊ. मूळ क्रॉसमेंबरलाही वेल्ड मारायचा नाही.

स्पीडोमीटर. तुमच्या डायलवर खाली बारीक आकडा छापलेला असेल, एका मैलाला केबलचे किती फेरे हवेत त्याचा. नवा बॉक्स बसवल्यावर केबलचं मीटरकडचं टोक सोडा, त्यावर कागदाचा बाण चिकटवा. सपाट जागी 16.1 मीटर आखून घ्या, तो मैलाचा शंभरावा भाग. गाडी सरळ ढकला, बाणाचे फेरे पाव फेऱ्यापर्यंत मोजा आणि 100 ने गुणा. डायलच्या आकड्याशी जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर दोन आकड्यांचा भागाकार घ्या, केबलमध्ये तेवढ्या प्रमाणाची छोटी गिअरपेटी बसवता येते. अंदाजाने 90 म्हणून 100 ने जाणं हायवेवर परवडत नाही.

तेलाचं विचारलं नाही तरी सांगतो. तुमच्या मूळ बॉक्सला इंजिनचंच तेल लागतं, 20 डब्ल्यू 50. इसुझूला त्याच्या पुस्तकात असेल ते. दुकानदार जीएल 5 दर्जाचं गिअर ऑइल देईल, ते डिफ्रन्शियलमध्ये ठीक, पण त्यातला गंधकाचा अंश पितळी सिंक्रो रिंगना खातो. गिअर ऑइल सांगितलं असेल तर डब्यावर जीएल 4 लिहिलेलं बघूनच घ्या.

---

भडगावकर_गिरणाकाठ

फेरे मोजले. मुलगी इनपुट फिरवत होती, मी आउटपुटची खूण बघत होतो. पाचव्यात आउटपुट इनपुटच्या पुढे पळतो, चौथा सरळ एकास एक. पहिल्या तीन गिअरचे आकडे उद्या पुन्हा मोजून टाकतो, दुसऱ्याच्या वेळी खूण पुसट झाली होती आणि ताईंनी दुसऱ्याचंच महत्त्व सांगितलंय, तेव्हा चुकीचा आकडा लिहायचा नाही.

ठरवलं ते असं. प्लायवूडचा सांगाडा मावला, बोटभर जागा राहिली, तर इसुझू. कुठेही पत्र्याला कात्री लागणार असेल तर इसुझू गोडाऊनमध्येच राहील आणि ताई सांगतात तो टाइप नाइनचा तीन सिंक्रोचा किट मागवीन, मग त्याला वेळ लागला तरी चालेल. दोन्ही बाबतींत मूळ बॉक्स, बेल, शाफ्ट, क्रॉसमेंबर तेल लावून पेटीत ठेवणार. विकणार नाही.

अवधानचे भाऊ, इंजिन आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) उतरवू. त्याआधी दुकानात कपाशीच्या बियाण्याची गर्दी नसते, पण घरात सगळे माहेरवाशिणींच्या गडबडीत असतात. हॉइस्ट घेऊन तुम्ही याल तर जेवायला इथेच. काका, भुसावळला काय काय घेऊन येऊ?

---

अमळनेरची_लेक

दादा, किटची वेळ आली तर मला कळवा. मागवण्याआधी तुमच्या इंजिनाच्या मागच्या प्लेटचा फोटो आणि इंजिन नंबराची सुरुवातीची अक्षरं लागतील, 18जीबी असं काही असेल. मी इथे विकणाऱ्यांशी बोलून घेईन.

---

भुसावळचा_टर्नर

बेलहाउसिंग, फ्लायव्हील, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि इसुझूचा बॉक्स. इंजिनाची मागची प्लेटही सोडून आणा, तिच्यावरूनच डॉवेलची मापं घेईन. डॉवेल पिना इंजिनातून निघाल्या तर पिशवीत वेगळ्या ठेवा, हातोडीने ठोकून काढू नका, नाही निघाल्या तर तशाच राहू द्या. ब्राँझचा बुश नवा घ्या आणि येण्याच्या आदल्या रात्रीपासून इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. डायल गेज मी घेऊन भडगावला येईन, बेल इंजिनावर परत कसल्यावर तपासणी तिथेच करावी लागते. तेव्हा मुलीला घरी असू द्या, क्रँक फिरवायला आणि आकडे लिहायला दोन माणसं लागतात.